वर्ल्ड ज्युनिअर्स की अंडर-१८? आइस हॉकीतला हा घोळ कॅलेंडरवरून सुटतो

२०२५ च्या २ जानेवारीला कॅनडाची ज्युनिअर आइस हॉकी टीम घरच्याच मैदानावर, ओटावात, क्वार्टर फायनलला चेकियाकडून ४-३ ने हरली. ३ मे रोजी कॅनडाच्याच पोरांनी फायनलमध्ये स्वीडनला ७-० ने धुतलं आणि ती जगज्जेती झाली. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. चार महिन्यांत टीम सुधारली असं मात्र काही झालं नाही. या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत, पहिली वर्ल्ड ज्युनिअर्स, दुसरी अंडर-१८, आणि आपल्याकडे दोन्हींना सरसकट ‘ज्युनिअर वर्ल्ड कप’ म्हणून मोकळे होतात.

कोल्हापुरात हॉकी म्हटलं की टर्फवरची, बर्फाचा संबंध गोळ्यापुरता. पण वयोगटाचे विश्वचषक आपल्याला नवे नाहीत. २०१७ ला सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा जन्मतारखेचे नियम कट्ट्याकट्ट्यावर चघळून झाले होते. त्यामुळं वयाचा भाग पटकन उरकतो. वर्ल्ड ज्युनिअर्स म्हणजे वीस वर्षांखालची स्पर्धा. २०२५ च्या स्पर्धेला जन्म २००५ किंवा नंतरचा लागत होता. अंडर-१८ ला २००७ किंवा नंतरचा. दोन्ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्याच. दोन्हींत वरच्या गटात दहा टीम, पाच-पाचचे दोन ग्रुप, आणि तळाची टीम खालच्या डिव्हिजनला. कागदावर थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ, एवढाच फरक दिसतो.

खरा फरक महिन्यात आहे. वर्ल्ड ज्युनिअर्स २६ डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. स्पर्धेला नाव नव्या वर्षाचं मिळतं, म्हणून ‘२०२५ ची स्पर्धा’ २०२४ च्या डिसेंबरातच सुरू झालेली असते. निम्मा गोंधळ इथंच. अंडर-१८ एप्रिलमध्ये सुरू होते. आणि एप्रिल म्हणजे कॅनडातल्या ज्युनिअर लीगच्या प्लेऑफचा, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांचा, ऐन हंगाम.

आता कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचं फुटबॉल बघा. सीझन शेवटाकडं आलाय, पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीमची मॅच तोंडावर आहे, आणि कुणीतरी येऊन म्हणालं, तुमचा हुकमी फॉरवर्ड दोन आठवडे बाहेर पाठवा. कुठली तालीम सोडेल? कॅनडातले क्लबही सोडत नाहीत. डिसेंबरात सोडतात, कारण तेव्हा लीग मध्यावर असते आणि नाताळात वर्ल्ड ज्युनिअर्स बघणं हा तिथला सणच झालाय. एप्रिलमध्ये ज्यांच्या टीम प्लेऑफमधून बाहेर पडल्यात, तेवढीच पोरं अंडर-१८ ला मोकळी असतात.

गॅव्हिन मॅकेन्ना या एका पोराकडं बघितलं तरी सगळं लक्षात येतं. २०२४ ला त्याची मेडिसिन हॅट ही टीम प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत गारद झाली. तो फिनलंडला अंडर-१८ खेळायला गेला, आणि अमेरिकेविरुद्धच्या फायनलमध्ये त्याने हॅटट्रिक ठोकली. कॅनडा ६-४ ने जिंकला. त्याच डिसेंबरात, सतरा नुकतीच पूर्ण झालेली असताना, तो ओटावात थोरल्यांच्या टीममधून खेळला आणि चेकियाकडून हरला. पुढच्या एप्रिलमध्ये वय बसत होतं, जन्म २००७ चाच. पण त्या वर्षी मेडिसिन हॅट लीग जिंकायच्या वाटेवर होती, जिंकलीही. म्हणून त्या ७-० च्या टीममध्ये तो नव्हता.

अमेरिकेचं गणित उलटं. तिथं निवडक पोरांना मिशिगनमध्ये एकत्र ठेवून राष्ट्रीय संघ म्हणून दोन वर्षं घडवतात आणि अंडर-१८ हा त्या कार्यक्रमाचा कळस असतो. म्हणजे एप्रिलमध्ये कॅनडा उरलेल्यांतून टीम बांधतो आणि अमेरिका दोन वर्षं मुरलेली टीम आणते. अंडर-१८ ची स्पर्धा १९९९ ला सुरू झाली. २०२५ पर्यंत अमेरिकेची सुवर्णपदकं ११, कॅनडाची ६. वर्ल्ड ज्युनिअर्समध्ये, जी अधिकृतपणे १९७७ पासून आहे, कॅनडाची २०, आणि तिथं त्यांच्या जवळपास कोणी नाही. माझं मत विचाराल तर अंडर-१८ मधल्या कॅनडाच्या पराभवावरून ‘कॅनडाची हॉकी संपली’ म्हणणाऱ्याला आधी प्लेऑफचं वेळापत्रक दाखवावं.

मग अंडर-१८ बघायची कशाला? तर एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचे, स्काउट तिथं वही घेऊन बसतात म्हणून. जूनच्या ड्राफ्टआधीची, म्हणजे क्लब नवी पोरं निवडतात त्याआधीची, ही शेवटची मोठी परीक्षा. वर्ल्ड ज्युनिअर्समधल्या बऱ्याच पोरांना क्लबांनी आधीच निवडलेलं असतं. २०२४ च्या अंडर-१८ ला अमेरिकेच्या जेम्स हेगन्सने २२ गुणांचा स्पर्धाविक्रम केला. पुढच्याच जानेवारीत तो वर्ल्ड ज्युनिअर्स जिंकणाऱ्या टीममध्ये होता.

डिसेंबरातही सगळेच येतात असं नाही, बरं का. वीसच्या आत एनएचएलमध्ये पोचलेल्याला क्लब सोडेलच याची खात्री नसते. मॅकलिन सेलेब्रिनी २०२५ ला वयात बसत होता, पण सॅन होजेकडून एनएचएल खेळत होता.

यात तिसरं एक नाव मध्येच टपकतं: ऑगस्टमधला ह्लिंका-ग्रेट्झकी कप. तोही अठराखालचाच, पण महासंघाचा नाही. तेव्हा लीग बंद असतात, म्हणून कॅनडा आपली त्या वयाची खरी तगडी टीम तिथं पाठवतो. मुलींची अंडर-१८ जागतिक स्पर्धा २००८ पासून आहे, ती साधारण जानेवारीत असते. वीसखालची त्यांना नाहीच.

मॅच बघायच्या असतील तर डिसेंबरात ओटावातली संध्याकाळची साडेसातची मॅच आपल्याकडं पहाटे सहाला लागते. युरोपातली रात्री जेवणानंतर.

महिना बदलला की काय होतं, हे २०२२ ने दाखवून दिलं. एडमंटन आणि रेड डीअरमधली वर्ल्ड ज्युनिअर्स कोविडमुळं सुरू होऊन तीनच दिवसांत रद्द झाली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पहिल्यापासून खेळवली. डिसेंबरातल्या पहिल्या मॅचला कॅनडासाठी हॅटट्रिक करणारा ओवेन पॉवर ऑगस्टपर्यंत एनएचएलचा झाला होता. तो आला नाही. फायनल फिनलंडशी, २-२, जादा वेळ. पक (चेंडूच्या जागी असलेली चकती) कॅनडाच्या गोलात पडणारच होता, तेवढ्यात मेसन मॅकटॅव्हिशने स्टिकने तो रेषेवरच हवेत थोपवला. थोड्याच वेळात केंट जॉन्सनने गोल केला आणि भर उन्हाळ्यात कॅनडा नाताळची स्पर्धा जिंकला.