आवळून सोडणं आणि नुसतं सोडणं

माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यात झाली. ती वर एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत, मी खालच्या मजल्यावर, पोटाला टाके. येणारं-जाणारं प्रत्येक जण सांगायचं, ‘रिलॅक्स राहा.’ एका सिस्टरने मोबाइलवर योगनिद्रा लावून दिली, फिजिओथेरपिस्टने मुठी आवळून सोडायला शिकवलं. दोन्हींना नाव एकच, शिथिलीकरण. मीही दोन्ही एकच समजले आणि नको तिथे नको ते करत बसले.

मुठी आवळण्याची पद्धत अमेरिकेतल्या एडमंड जेकबसन या डॉक्टरांची, शंभरेक वर्षांपूर्वीची. अंग ताठ झालंय हे आपल्याला कळतच नाही, म्हणून आधी मुद्दाम आवळायचं. पाच-सात सेकंद मूठ घट्ट, मग एकदम सैल, आणि वीस-तीस सेकंद त्या सैल हाताकडे लक्ष. तसंच खांदे, कपाळ, जबडा, पोटऱ्या.

योगनिद्रेत काहीच आवळायचं नसतं. शवासनात पडून सांगणाऱ्याच्या आवाजामागून लक्ष फिरवायचं: उजवा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तळहात. बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी जुन्या न्यासविधीवरून, म्हणजे मंत्र म्हणत शरीराच्या एकेका भागावर लक्ष नेण्याच्या विधीवरून, तिला आजचं रूप दिलं. नावात निद्रा असली तरी जागं राहायचं असतं. पण रात्री तीनला दूध काढून आलेल्या आईचा डोळा लागला, तर खुशाल लागू द्यावा.

दूध काढायच्या खोलीत प्लॅस्टिकची खुर्ची, पंपाची घरघर, दार उघडलं की मॉनिटरची टिंगटिंग. तिथे आडवं कुठे पडणार? तिथे जेकबसनच उपयोगी. पहिल्यांदा खांदे कानांपर्यंत चढवायला गेले, तर ते चढलेलेच होते. सोडले तेव्हा कुठे कळलं, किती दिवस मी तशी बसत होते.

सासूबाई मायेने म्हणायच्या, ‘काळजी करू नकोस गं, दूध आटेल.’ त्या धास्तीनेच मी आणखी आवळली जायचे. तेव्हा कुणी एवढं सांगायला हवं होतं: दूध तयार होतं प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे (हॉर्मोन), पान्हा फुटतो ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे. ताण आधी पान्हा अडवतो. दूध आत असतंच. बरेच दिवस ते नीट निघालं नाही, तर मात्र तयार होणंही कमी होतं. म्हणून पंप लावण्याआधीची ती पाच मिनिटं मला फार मोलाची वाटतात. १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमी दिवसांच्या बाळांच्या ज्या आयांनी शिथिलीकरणाची टेप ऐकली, त्यांनी न ऐकलेल्यांपेक्षा एका वेळी ६३ टक्के जास्त दूध काढलं.

सिझेरियन झालं असेल तर पोट आवळू नका. हात, खांदे, चेहरा पुरे. बीपी वाढल्यामुळे लवकर बाळंतपण करावं लागलं असेल, तर आवळताना श्वास कोंडू नका. योगनिद्रेसाठी सपाट पडवत नसेल तर गुडघ्यांखाली उशी घ्या किंवा कुशीवर वळा. आणि डोळे मिटले की मॉनिटरच कानात वाजायला लागत असेल, माझं तसंच व्हायचं, तर डोळे उघडे ठेवा, खिडकीकडे बघा.

दोन आठवडे उलटूनही रोज रडू कोसळत असेल, बाळाजवळ जावंसंच वाटत नसेल, तर ते या दोन्हींच्या आवाक्यातलं नाही. डॉक्टरांना लगेच सांगा, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, रात्रीही चालू असतो, मराठीतून बोलता येतं.

कांगारू केअर सुरू झाली की आवळणं बंद. बाळ उघड्या छातीवर, पाठीला टेका, वरून दुपट्टा, आणि अंग आपल्याकडून नुसतं सोडून द्यायचं. मुलीचं डोकं माझ्या गळपट्टीच्या हाडाखाली टेकलेलं असायचं, एवढंसं, लिंबाएवढ्या टोपीत. माझा श्वास लांबला की तीही बरोबर वर-खाली व्हायची.