हेवी लायसन्स काढायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि ट्रेनिंगचे पैसे भरण्याआधी काय बघायचं

‘हेवी लायसन्स गॅरंटीने. टेस्टचं टेन्शन नाही.’ अशा जाहिराती मुंबईत ट्रकचा राबता असलेल्या भागात भिंतींवर दिसतात, आता व्हॉट्सॲपवरही फिरतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 27 प्रमाणे मोटार ट्रेनिंग स्कूलला असं आमिष दाखवताच येत नाही. नियम सोडून आपण लायसन्स मिळवून देऊ शकतो असा विद्यार्थ्याचा समज करून देणं, हाच परवान्याच्या अटींचा भंग आहे. त्यामुळे ‘गॅरंटी’ हा शब्द कानावर पडला की तिथून उठलेलं बरं. स्कूलला तुम्ही पैसे देता ते दोनच गोष्टींचे: स्टिअरिंगवरचे तास आणि फॉर्म 5, म्हणजे ट्रेनिंग पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. लायसन्स आरटीओ देतं, त्याची फी वेगळी असते आणि ती तुम्ही स्वतः भरू शकता.

आधी, तुम्हाला हेवी लायसन्स खरंच लागणार आहे का ते पाहा. छोटा हत्ती, पिकअप किंवा लहान टेम्पो चालवायचा असेल तर बहुतेकांना लागत नाही. ज्या मालवाहू गाडीचं एकूण वजन, म्हणजे मालासकट, 7,500 किलोच्या आत आहे ती साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या (कारच्या) लायसन्सवर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. ‘टेम्पोलाही हेवी लागतं’ असं सांगून कोर्स गळ्यात मारणारे अजून भेटतात. गाडीच्या आरसी बुकावर एकूण वजनाचा आकडा असतो, तो वाचा आणि मग ठरवा.

दहा टायर, डंपर, ट्रेलर चालवायचा असेल तर मात्र ट्रान्सपोर्ट वर्ग (बोलण्यात ‘हेवी’ म्हणतात तो) लायसन्सवर चढवावा लागतो. त्यासाठी वय किमान 20 वर्षं पूर्ण हवं आणि एलएमव्ही लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. इथेच पुष्कळ जण अडकतात. लायसन्स पाच वर्षांचं जुनं असतं, पण ते मोटारसायकलचं. कारचा वर्ग त्यावर सहा महिन्यांपूर्वी चढलेला असतो. वर्ष मोजायचं ते एलएमव्हीच्या तारखेपासून. कार्डावर प्रत्येक वर्गासमोर त्याची तारीख असते. आठवी पासची अट 2019 मध्ये काढून टाकली आहे. शाळेचा दाखला नाही म्हणून ‘सेटिंग’चे जादा पैसे कुणी मागितले तर तो सरळ फसवतोय.

कागदपत्रं फार नाहीत. चालू एलएमव्ही लायसन्स, आधार, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा, फोटो, नोंदणीकृत डॉक्टरने भरून दिलेला फॉर्म 1ए, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि ट्रेनिंग संपल्यावर स्कूलचा फॉर्म 5. फॉर्म 1ए हा केवळ सहीचा कागद समजू नका. 25 मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, ऐकू नीट येतं का, रातांधळेपणा आहे का, हे त्यात डॉक्टरला लिहायचं असतं. न तपासता सही करून देणारा डॉक्टर स्कूलवालाच सुचवेल, पण डोळ्यांत दोष असेल तर तो फी भरण्याआधी कळलेला बरा. रात्री घाटात कळण्यात अर्थ नाही.

अर्ज सारथी या सरकारच्या लायसन्स पोर्टलवर करायचा. मुंबईत ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवली ही आरटीओ कार्यालयं आहेत. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही लायसन्स कार्यालयात अर्ज करता येतो. त्यामुळे लायसन्स साताऱ्याचं आहे म्हणून गावी जाण्याची गरज उरत नाही, आणि राहणं मुंबईत, ट्रेनिंग पनवेलकडे असंही जमतं. आधी शिकाऊ, म्हणजे आपलं कच्चं लायसन्स. ते सहा महिने चालतं. ते मिळाल्यावर किमान 30 दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा. तीनदा नापास झालात तर 60 दिवस थांबावं लागतं.

केंद्रीय नियमांतले फीचे मूळ दर असे: शिकाऊ लायसन्स 150 रुपये, टेस्ट 300, नवा वर्ग चढवण्याचा अर्ज 500. त्यावर कार्डाचं आणि सेवेचं शुल्क येतं. हे पैसे पोर्टलवर ऑनलाइन भरा आणि पावती स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा. अर्जात मोबाइल नंबरही स्वतःचाच द्या. एजंटचा नंबर टाकला की ओटीपी त्याच्याकडे जातात आणि अर्ज कुठे अडकलाय हे तुम्हाला त्यालाच विचारत बसावं लागतं. ‘सरकारी फीच आठ हजार आहे’ असं सांगणाऱ्याकडे सरकारी पावती मागून बघा.

आता स्कूल. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी परवानाधारक स्कूलचा फॉर्म 5 कायद्यानेच लागतो. म्हणून स्कूलला परवाना नसेल, तर तिथे तुम्ही कितीही छान शिकलात तरी तो कागद आरटीओत चालणार नाही. परवाना फॉर्म 11 मध्ये असतो आणि पाच वर्षांसाठी मिळतो. मूळ प्रत स्कूलमध्ये दिसेल अशी लावलेली हवी. त्यावरची तारीख, पत्ता आणि कोणत्या गाड्या शिकवायची परवानगी आहे हे वाचा. फक्त कारचा परवाना असलेले काही जण ओळखीच्या ट्रकमालकाकडे पाठवून ‘हेवी’ शिकवतात. तो प्रकार टाळा. ट्रेनिंगच्या गाडीवर स्कूलचं नाव, पत्ता आणि फोन ठळक लिहिलेला असला पाहिजे, आणि शिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक-क्लच हवेत. परवान्यावरचं नाव एक आणि ट्रकवरचं दुसरं असेल तर आरटीओत विचारून खात्री करा.

ट्रान्सपोर्टचं ट्रेनिंग किमान 30 दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान 15 तासांचं असावं, असं नियमात आहे. खरी गोम या 15 तासांत आहे. एका ट्रकमध्ये चार विद्यार्थी बसवून दीड तास फिरवलं की प्रत्येकाच्या नावावर दीड तास लावणारी स्कूल कमी नाहीत. तास मोजायचा तो तुम्ही स्टिअरिंगवर असताना. स्कूलला विद्यार्थ्याच्या तासांचं रजिस्टर ठेवावं लागतं, ते फॉर्म 15. दर खेपेला त्यातली नोंद बघा, जमलं तर फोटो काढा. शिवाय मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांवर बंदी असते, म्हणून ट्रक कुठे आणि कोणत्या वेळी शिकवणार हे आधीच ठरवून घ्या. रिकाम्या मैदानात गोल फिरून ट्रेलर मागे घेता येत नाही. रिव्हर्स, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं आणि भर वाहतुकीत लेन बदलणं शिकवणार का, ते स्पष्ट विचारा.

टेस्टला ट्रक कोण आणणार, हेही विचारा. टेस्ट त्याच वर्गाच्या गाडीवर द्यावी लागते आणि गाडी अर्जदाराने आणायची असते. फीमध्ये ते भाडं धरलंय का, नापास झालात तर दुसऱ्या वेळी पुन्हा भाडं लागेल का, हे पावतीवर लिहून घ्या.

पैसे एकदम कधीच देऊ नका. सुरुवातीला थोडी रक्कम, निम्मे तास झाल्यावर दुसरा हप्ता, आणि शेवटचा फॉर्म 5 हातात पडताना. ज्याला शिकवायचं आहे तो याला नाही म्हणत नाही. ‘आजच भरलात तर सूट’ म्हणणाऱ्याला उद्या येतो सांगा. पैसे स्कूलच्या नावाच्या खात्यात जावेत. यूपीआयवर भलत्याच माणसाचं नाव दिसलं तर पिन टाकू नका. पावतीवर परवाना क्रमांक, एकूण फी, तास आणि पैसे परत करण्याच्या अटी हव्यात. जीएसटी लावला असेल तर जीएसटी नंबरही हवा. तो जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. मूळ लायसन्स किंवा आधार ‘फी पूर्ण होईपर्यंत’ ठेवून घेणाऱ्याकडे जाऊच नका.

‘आमच्याकडे कोर्स करा, आरटीओची टेस्टच नाही’ हे वाक्य मात्र प्रत्येक वेळी खोटं नसतं. 1 जुलै 2021 पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची सोय आहे. तिथे अवजड वाहनाचा कोर्स सहा आठवड्यांत 38 तासांचा असतो, सिम्युलेटर आणि ट्रॅक असतो, आणि केंद्राची परीक्षा पास झाल्यावर मिळणाऱ्या फॉर्म 5बी वर आरटीओच्या टेस्टमधून सूट मिळते. पण ती सूट फक्त अशाच केंद्रांना आहे. साध्या मोटार ट्रेनिंग स्कूलने तेच सांगितलं तर मान्यतेचं पत्र दाखवायला सांगा.

माहुलच्या रिफायनरीतून टँकर भरायचा विचार असेल, तर हेवी लायसन्सवर काम भागत नाही. धोकादायक मालासाठी वेगळं ट्रेनिंग आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते, आणि ती तीन वर्षांसाठी असते. साधा ट्रान्सपोर्ट वर्ग पाच वर्षांसाठी मिळतो. ही नोंद हेवी झाल्यानंतरची पायरी आहे. दोन्हींचे पैसे एकाच वेळी आगाऊ भरून ठेवू नका.

लायसन्स हातात आलं की कार्डावर विसंबू नका. सारथीवर किंवा डिजिलॉकरमध्ये ट्रान्सपोर्ट वर्ग आणि त्याची मुदत दिसते का ते बघा. तिथे नोंद नसेल आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवेल.

स्कूलने तास दिले नाहीत किंवा पैसे बुडवले तर लेखी तक्रार ज्या आरटीओने परवाना दिला तिथे करा. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार त्यांना आहे. पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तक्रारीला फी नाही. ऑनलाइन पैसे पाठवल्यावर समोरचा फोन उचलेनासा झाला, तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता आले, तर ते तिथूनच रोखता येतात.