घरात जुनं काडतूस सापडलं तर: परवाना, कागदपत्रं आणि संग्रहाचा कायदेशीर मार्ग

वाडा पाडायला काढला की माळ्यावरच्या ट्रंकेतून काय काय निघतं. आजोबा फौजेत किंवा संस्थानच्या नोकरीत असतील, शिकारीचे शौकीन असतील, तर चार-दोन काडतुसंही निघतात. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘शंभर वर्षांची वस्तू आहे, पुरातन आहे, ठेवायला काय हरकत?’ हरकत आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दारूगोळा बाळगायला परवाना लागतो, आणि काडतूस किती जुनं आहे यावर ही अट सुटत नाही. गोंधळ होतो तो दोन सवलतींमुळे. कलम ४५ मध्ये दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट आहे. शिवाय फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने पुरातन आणि दुर्मीळ लहान शस्त्रं परवान्याशिवाय जवळ ठेवायला भारतीय नागरिकांना मुभा दिली. मात्र दोन्हीकडे शब्द आहे ‘शस्त्र’. भिंतीवर पणजोबांची ठासणीची बंदूक राहू शकते. तिच्या शेजारी जिवंत काडतूस मांडलं की प्रकरण वेगळं होतं. विनापरवाना दारूगोळ्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद, शिवाय दंड आहे.

ताबा ‘जाणीवपूर्वक’ असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच म्हटलं आहे. म्हणजे ट्रंकेत काय आहे हे ठाऊकच नव्हतं, तर तो बचाव आहे. पण सापडल्यानंतर फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि काडतूस परत ट्रंकेत ठेवलं, तर ‘ठाऊक नव्हतं’ कसं म्हणणार?

म्हणून आधी ओळख पटवा, तीही जपून. ठोकू नका, घासूनपुसून चकचकीत करू नका, गोळी पकडीने उपसायचा तर विचारही नको. जुन्या टोपीतली (बुडाच्या मध्यावरची छोटी वाटी, तिच्यावर घाव बसला की काडतूस पेटतं) स्फोटकं आणि आतली दारू वर्षानुवर्षांत बेभरवशाची झालेली असतात. बुडाचा आणि बाजूचा असे दोन स्पष्ट फोटो पुरतात. बुडावरचा शिक्का हीच काडतुसाची जन्मपत्रिका. ‘के’ आणि ‘एफ’ या इंग्रजी अक्षरांच्या मध्ये बाण दिसला तर माल आपल्या खडकीच्या कारखान्यातला. १८६९ पासूनचा हा कारखाना आजही चालू आहे. बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. ‘आर’ आणि ‘एल’ असेल तर ते इंग्लंडमधल्या वूलविचच्या रॉयल लॅबोरेटरीचं. सोबत दोन आकडी साल आणि रोमन सात असेल, तर बहुधा ती थ्री-नॉट-थ्रीची, म्हणजे .३०३ या ब्रिटिश लष्करी रायफलीची ‘मार्क सात’ गोळी, म्हणजे १९१० नंतरची. पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाची नळी, आणि खाली लोखंडी बूड असेल, तर आपण आणखी मागे, स्नायडर किंवा मार्टिनी-हेन्री रायफलींच्या काळात, १८६० ते १८८० च्या दशकांत जातो.

टोपीवर खड्डा दिसला म्हणजे काडतूस उडालेलं, असं समजू नका. खड्डाही आहे आणि गोळीही जागेवर आहे, तर ते न उडालेलं, म्हणजे जिवंतच आहे. पुंगळीला आरपार भोकं असतील किंवा गोळी लाकडी असेल तर ते बहुधा कवायतीचं असतं, पण तो निर्वाळाही पोलिसांनाच देऊ द्या. हातबाँब किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर फोटोसुद्धा नको. लांब व्हा आणि ११२ ला फोन करा.

जिवंत काडतुसाचं काय करायचं हे कलम २१ मध्ये आहे: ताबा कायदेशीर राहिला नसेल तर विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात, किंवा नियमांत बसत असेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. पिशवीत घालून बसने ठाण्यात नेऊ नका. आधी फोन करा, नेण्याआणण्याचं ते सांगतील. लेखी अर्ज मात्र तयार ठेवा: कुठे, कधी, कुणासमोर सापडलं, किती नग, बुडावर काय लिहिलंय. सोबत फोटो, तुमचं आधार, घराचा उतारा किंवा करपावती, मूळ मालकाचा मृत्यू दाखला आणि कागदांत सापडलाच तर त्यांचा जुना शस्त्र परवाना. हा जुना परवाना फार कामाचा, कारण वस्तू एकेकाळी कायदेशीर होती हे त्यावरून दिसतं. पंचनाम्याची प्रत मागा आणि अर्जावर पोच घेतल्याशिवाय परतू नका. तोंडी ‘ठीक आहे, ठेवून जा’ याला काही अर्थ नसतो.

वडिलांचं परवान्यावरचं शस्त्र आणि त्याची काडतुसं असतील तर वारस म्हणून आपल्या नावावर परवाना मागता येतो. त्यासाठी मूळ परवाना, शस्त्र जमा केल्याची पावती, मृत्यू दाखला आणि बाकीच्या वारसांची प्रतिज्ञापत्रावर ना-हरकत लागते. पुढचा रस्ता नव्या अर्जाचाच: वय किमान २१ पूर्ण, ओळख-पत्ता-जन्मतारखेचे पुरावे, फोटो, शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. अर्ज सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवर भरायचा. आयुक्तालय असलेल्या शहरात निर्णय पोलीस आयुक्तांचा, इतरत्र आणि गोव्यातही जिल्हाधिकाऱ्यांचा. नकार आला तर कारणं लेखी मागा. अपिलाला ३० दिवस मिळतात.

निव्वळ संग्रहासाठी जिवंत काडतुसांचा परवाना काढू, ही आशा मात्र सोडा. परवान्यावर ज्या बोअरचं, म्हणजे नळीच्या मापाचं, शस्त्र नोंदलेलं असतं त्याचीच काडतुसं, तीही नोंदलेल्या संख्येतच मिळतात. थ्री-नॉट-थ्री तर प्रतिबंधित बोअर. त्याचा परवाना जिल्ह्यात मिळतच नाही.

संग्राहकाला खरी मोकळीक आहे ती रिकाम्या पुंगळ्यांची, आणि तिलाही अट आहे. दारूगोळ्याचे सुटे भागही व्याख्येत येतात. कलम ४५ चं ‘ड’ पोटकलम किरकोळ भागांना सूट देतं, पण जोडीच्या भागांबरोबर वापरायचा इरादा नसेल तरच. म्हणजे कपाटात पुंगळ्या, ड्रॉवरमध्ये गोळ्या आणि डब्यात दारू, असा संसार मांडला तर सूट संपली. माझ्या मते उडालेल्या पुंगळ्याच ठेवाव्यात, आणि प्रत्येकीची कुठून, कधी, कुणाकडून आली ही नोंद वहीत असावी. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात घेतली तर चिठ्ठी मागा. मिळाली नाही तर तारीख आणि किंमत निदान स्वतः लिहून ठेवा. विमानप्रवासात मात्र पुंगळीसुद्धा जवळ नको. बॅगेत विसरलेल्या एका काडतुसापायी विमानतळावरच गुन्हा दाखल झालेले प्रवासी कमी नाहीत.

किल्ल्यावर मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांसाठी थोडक्यात: संरक्षित स्मारकात परवानगीविना खोदणं गुन्हा आहे. आपल्या शेतात दहा रुपयांहून जास्त मोलाचं जुनं काही निघालं तरी १८७८ च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आणि शंभर वर्षं उलटलेली वस्तू परदेशातल्या संग्राहक मित्राला पोस्टाने पाठवता येत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने खासगी निर्यात बंद आहे.