पुण्याच्या खालची भीमा आणि उजनीचा मृतसाठा

भीमेच्या प्रदूषणाची चर्चा पुण्याच्या नाल्यांपासून सुरू होते; माझ्या मते ती धरणांच्या जागांपासून सुरू व्हायला हवी. १८७९ साली पूर्ण झालेले खडकवासला आणि त्याच्या वरच्या बाजूची पानशेत, वरसगाव ही धरणे शहराच्या वर आहेत. त्यांतले पाणी नळांत आणि कालव्यांत जाते. त्यामुळे पावसाळा सरला की मुठेच्या पात्राला धरणाचे पाणी क्वचितच मिळते, आणि शहरातून नदी म्हणून जे वाहते ते बहुतांशी सांडपाणीच असते. पिंपरी-चिंचवडमधून आलेली पवना दापोडीला मुळेत मिसळते, पुढे संगमावर मुळा-मुठा एक होतात आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले, त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातले होते.

भीमेत आलेले हे सगळे पाणी उजनी धरणात येऊन थबकते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी त्यातले ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात, म्हणजे कालव्याच्या दारांच्या पातळीखाली राहते. प्रवाह मंदावला की गाळ तळाशी बसतो, आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ आणि जलपर्णी पोसली जाते. मे महिन्यात पाणी ओसरून पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडते, तेव्हा काठाच्या उथळ पाण्याला हिरवट साय धरलेली असते आणि मच्छीमारांच्या जाळ्यात पूर्वीच्या देशी माशांऐवजी बहुतेक चिलापी येते. दुष्काळात धरण ‘उणे’ पातळीत गेले, म्हणजे वापरायचा साठा संपला, की सोलापूरसाठी दुबार, प्रसंगी तिबार उपसा करून, म्हणजे दोन-तीन टप्प्यांत पंप लावून, याच मृतसाठ्यातले पाणी उचलावे लागते. म्हणजे पाणी सर्वांत कमी आणि म्हणून सर्वांत दाट असते, नेमके तेव्हा ते लोकांच्या हंड्यात पोहोचते.

इंद्रायणीची वाटही हीच आहे. आळंदीच्या घाटावर कित्येकदा पांढऱ्या फेसाने झाकली जाणारी ही नदी तुळापूरला भीमेत शिरते, उजनीत थांबते, आणि धरणातून सोडलेले पाणी पंढरपूरला पोहोचते तेव्हा तिथे तिला चंद्रभागा म्हणतात.