सेंटरपिन रिळाचा तंगूस: ताकदीआधी जाडी बघा

तंगूस घेताना दुकानात पहिला प्रश्न येतो तो "किती किलोचा?" शिसं लावून गळ तळाशी सोडायचा असेल तर एवढं विचारणं पुरतं. सेंटरपिन रिळावर फ्लोटने (पाण्यावर तरंगणाऱ्या आणि खाली गळ लटकवलेल्या बोंडाने) मासेमारी करायची असेल, तर मात्र हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी विचारायचं ते हे, की हा तंगूस पाण्यावर राहील का आणि रिळावरून सुरळीत उतरेल का?

सेंटरपिन म्हणजे पोलादी खुंटीवर मोकळं फिरणारं एक चाक. गिअर नाहीत, बहुतेक रिळांना क्लचही (मासा जोरात ओढू लागला की दोरी आपोआप सोडणारी सोय) नाही. संक्रांतीला फिरकी धरून आपण पतंगाला ढील देतो, तशीच इथे फ्लोटला द्यायची. फरक इतकाच, की ओढणारा वारा नसतो, नदी असते. फ्लोट प्रवाहाबरोबर निघतो, तंगूस ओढतो, तंगूस चाक फिरवतो. ब्रेक म्हणून चाकाच्या कडेवर टेकवलेला अंगठा. फ्लोटची ही ओढ फार थोडी असते, त्यामुळे वाटेत कुठेही तंगूस अडखळला की चाक थांबतं, फ्लोट हिसका खातो आणि खालचं आमिष उसळतं. अनुभवी मासा अशा आमिषाला तोंड लावत नाही.

ही पद्धत रुजली ती इंग्लंडमधल्या ट्रेंट नदीवर, नॉटिंगहॅमच्या आसपास, १९व्या शतकात. तेव्हा चाक लाकडी होतं आणि दोरी रेशमाची. रेशमी दोरीला चरबी किंवा मेण लावलं नाही तर ती पाणी पिऊन बुडायची, आणि नीट वाळवली नाही तर कुजायची. १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या चमूने नायलॉन तयार केलं आणि पुढच्या काही दशकांत रेशीम मागे पडलं. कुजण्याची चिंता संपली. बुडण्याची संपली नाही.

दोरी बुडली तर काय बिघडतं? नदीचं पाणी वरून खालपर्यंत एकाच वेगाने वाहत नाही. तळाशी दगडगोट्यांचं घर्षण असतं, म्हणून तिथे ते संथ असतं आणि पृष्ठभागाजवळ जोरात. फ्लोट वरच्या वेगाने पळू पाहतो, पण आमिष तळाच्या वेगाने जायला हवं, कारण माशाचं खरं अन्न तसंच वाहत येतं. म्हणून अंगठ्याने फ्लोटला किंचित रोखून धरायचं असतं. काठीच्या टोकापासून फ्लोटपर्यंत दोरी सरळ असेल तरच हे जमतं. मधल्या वेगवान धारेत दोरीला झोल पडला, की तो झोलच फ्लोटला ओढत नेतो. झोल पृष्ठभागावर असेल तर काठी उचलून तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकता येतो. पाण्याखाली गेलेला झोल उचलायला गेलं, तर आधी फ्लोटच जागचा हलतो.

आता पदार्थांकडे बघू. पाण्याची घनता १ धरली तर नायलॉनची १.१४, फ्लोरोकार्बनची (तंगुसासाठीच वापरलं जाणारं दुसरं, जड प्लास्टिक) सुमारे १.७८ आणि विणलेल्या पॉलिथिलीन दोरीची ०.९७. या हिशेबाने नायलॉन बुडायलाच हवं, तरी बारीक तंगूस पाण्यावर पडून राहतो. इथे काम करतो तो पृष्ठताण. ०.२५ मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तंगुसाचं वजन जेमतेम ५६ मिलिग्रॅम भरतं, आणि तेवढ्या लांबीला पाण्याची 'साय' काही ग्रॅमांचा आधार देऊ शकते. म्हणजे घनतेपेक्षा तंगूस ओला होतो की नाही, यावर सगळं ठरतं. सिलिकॉनचा किंवा ग्रीसचा हात फिरवला की पाणी त्याला चिकटत नाही आणि तो वर राहतो. याच्या उलट, स्थिर पाण्यात मासे धरणारे काही ब्रिटिश मासेमार तंगूस मुद्दाम भांड्यांच्या साबणाने धुतात, म्हणजे तो लगेच खाली जातो. फ्लोरोकार्बन मुख्य दोरी म्हणून मी कधीच सुचवणार नाही. त्याची जागा फ्लोटच्या खाली, गळाजवळ. तिथे बुडणं हाच गुण ठरतो.

जाडीचं गणित मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याकडेच सहसा कुणी बघत नाही. ०.२० ऐवजी ०.२८ मिलिमीटरचा तंगूस घेतला, तर जाडी १.४ पट होते. वारा आणि प्रवाह यांना सापडणारं अंग तितकंच, म्हणजे १.४ पट वाढतं. ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ती जवळजवळ दुप्पट. इथपर्यंत सौदा फायद्याचा दिसतो. पण वाकायला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे जवळजवळ चौपट होतो! रिळावर महिनाभर गुंडाळून राहिलेला जाड तंगूस स्प्रिंगसारखी वेटोळी धरतो. फ्लोटची थोडीशी ओढ ती वेटोळी सरळ करू शकत नाही. मग वेढे चाकावरून सुटून उसळतात आणि हँडलच्या मुठींत अडकतात. फार बारीक घेतला तर वेगळीच पंचाईत. वाऱ्याच्या झुळकीने तो उडतो आणि चाक व मागची तबकडी यांच्या फटीत शिरतो.

वेटोळ्यांवर पाणी हाच उपाय आहे. नायलॉनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारे हायड्रोजन बंध असतात, त्यांत पाण्याचे रेणू शिरले की पकड सैल होते. पूर्ण भिजलेलं नायलॉन वजनाच्या ८-९ टक्के पाणी सामावून घेतं. म्हणून सुरुवातीला वीस-तीस मीटर तंगूस सोडून भिजवावा, हाताने ताणावा आणि परत गुंडाळावा. ओलेपणाने ताकद थोडी उतरते, तेवढी गृहीत धरूनच निवड करायची.

विणलेली दोरी तरंगते, मग ती का नको? रिळाला क्लच नसताना माशाची पहिली धडक झेलतो तो नायलॉनचा ताणला जाण्याचा गुण. विणलेल्या दोरीत तो जवळजवळ नसतोच. शिवाय जोर आला की ती खालच्या थरांत रुतते आणि पुढच्या खेपेला तिथेच अडते. कॅनडात ऑन्टारिओच्या नद्यांवर स्टीलहेड या ट्राउट जातीच्या माशासाठी ऐन थंडीतही सेंटरपिन चालतं. तिथे तिच्या विणीत मुरलेलं पाणी काठीच्या कड्यांवर गोठतं. टोरंटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी वाचकांनी क्रेडिट नदीवर जायचं ठरवलं, तर साधा मऊ नायलॉनच घ्यावा.

आकडेच हवे असतील तर रोच, चब अशा माशांसाठी ०.१८ ते ०.२० मिलिमीटर आणि स्टीलहेडसाठी ०.२८च्या आसपास. रंग ठळक असू द्या. झोल तुम्हाला दिसला पाहिजे, आणि मासा फ्लोटच्या वरचा भाग क्वचितच बघतो. शंभर-दीडशे मीटर पुरे, खाली जुन्या दोरीची भर घालून चाक कडेच्या थोडं आतपर्यंत भरावं. भरलेल्या चाकाचा परीघ मोठा, तरफ लांब, म्हणून ते हलक्या ओढीनेही फिरतं. काठोकाठ मात्र भरू नये, वेढे बाहेर सांडतात.

गळाजवळचा तुकडा मुख्य तंगुसापेक्षा नेहमी कमी ताकदीचा ठेवा. गळ बुंध्यात अडकला तर तुटतो तो वीतभर तुकडा, वीस-तीस मीटर तंगूस नदीत राहत नाही. सोडून दिलेल्या तंगुसात पाणपक्ष्यांचे पाय आणि पंख अडकतात. दोरीला वजनासाठी लावलेले शिशाचे मणी गिळून हंस मरत होते म्हणून १९८७ पासून इंग्लंडमध्ये तसल्या बहुतेक मण्यांवर बंदी आली. तंगुसावर तसा कायदा करता येणार नाही, त्यामुळे कमकुवत तुकडा बांधायचं काम ज्याचं त्यानेच, प्रत्येक वेळी करायचं आहे.