विंडोज अपग्रेड करायची की फॉरमॅट मारून नव्याने टाकायची?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, संपला. तेव्हापासून 'विंडोज ११ टाकून द्या' एवढंच सांगून कॉम्प्युटर दुकानात ठेवून येणारे पुष्कळ आहेत. पण विंडोज टाकण्याचे प्रकार दोन आहेत. दुकानात त्यातला कुठला केला, हे घरी येऊन मोकळा डेस्कटॉप पाहिल्यावर कळावं, असं कुणाचंही होऊ नये.

अपग्रेड म्हणजे चालू विंडोजवरच नवी आवृत्ती चढवणं. फोटो, टॅली, प्रिंटर, वायफायचा पासवर्ड, फॉन्ट, सगळं बहुधा जागच्या जागी राहतं. नाहीच पटलं तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून जुन्या विंडोजवर परत जाता येतं. मात्र अर्धवट काढलेले अँटिव्हायरस, जुने ड्रायव्हर, असला तर व्हायरसही, सोबत येतो.

क्लीन इन्स्टॉलमध्ये, म्हणजे फॉरमॅट मारण्यात, पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून सी ड्राइव्ह पुसतात आणि कोरी विंडोज बसवतात. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात, म्हणजे तेही गेलं. 'माझं सगळं डी ड्राइव्हला आहे' म्हणून निर्धास्त राहू नका. इन्स्टॉलच्या त्या पडद्यावर सी, डी अशी नावं दिसत नाहीत, पार्टिशनचे, म्हणजे डिस्कच्या भागांचे, नंबर आणि आकार दिसतात. चुकीची ओळ निवडून डिलीट दाबलं की डी ड्राइव्ह गेला. म्हणून कुठला ड्राइव्ह किती जीबीचा आहे ते आधी कागदावर लिहून ठेवा, आणि महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट जपावी लागते, आणि मला तीच सर्वांत मोठी वाटते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवायचं, काम करणाऱ्याला एकाच कॉम्प्युटरवर मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी ही फॉन्टची सॉफ्टवेअर लागतात. या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीतला, नसतो. फाईल नीट सांभाळली तरी फॉन्ट गेला की लग्नपत्रिकेच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. वर्षानुवर्षांच्या पत्रिका, मंडळांचे अहवाल, ठराव अशा फाईलींत पडून आहेत. फॉरमॅटच्या आधी फॉन्टच्या फाईली, सॉफ्टवेअरचा सेटअप आणि लायसन्स की हाताशी हवी. सेटअपच सापडत नसेल तर फॉरमॅटला ठाम नकार द्या. असं काम करणाऱ्यांनी अपग्रेडच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्लीन इन्स्टॉलला पर्याय नसतो असेही प्रसंग आहेत. ३२ बिट विंडोज असेल तर विंडोज ११ वर अपग्रेड होत नाही, कारण ती फक्त ६४ बिटची आहे. विंडोज ७ वरूनही प्रोग्रॅम जसेच्या तसे ठेवून थेट ११ वर जाता येत नाही. व्हायरस खोलवर गेला असेल तरी पुसणंच बरं. पण टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेला किंवा जुन्या प्रोसेसरचा कॉम्प्युटर फॉरमॅट मारल्याने विंडोज ११ ला पात्र होत नाही. अटी दोन्हीकडे त्याच. लायसन्सची काळजी नको: विंडोज १० रीतसर अ‍ॅक्टिव्हेट झालेली असेल आणि तीच एडिशन टाकली, तर त्याच मदरबोर्डवर नवी विंडोज इंटरनेट मिळताच सहसा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते.

कॉम्प्युटर नुसता संथ म्हणून फॉरमॅट मारणार असाल, तर आधी आत जुनी हार्डडिस्क आहे का बघा. असेल तर एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, घ्या, तिच्यावर क्लीन इन्स्टॉल करा आणि जुनी डिस्क न पुसता तशीच ठेवा. वेग मिळतो, आणि विसरलेली फाईल किंवा फॉन्ट नंतरही काढता येतो.

काम कुठलंही असो, पावसाळ्यात खानापूरकडे लाईटचा भरवसा नसतो. डेस्कटॉपला यूपीएस असल्याशिवाय हात घालू नका, आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर लावूनच बसा.