सांत क्लिमेंत, ताउल

स्पेनच्या कातालोनिया प्रदेशात, पिरेनीज पर्वतातल्या बोई खोऱ्यात असलेले बाराव्या शतकातील रोमनेस्क (गॉथिकच्या आधीची, जाड भिंती आणि गोल कमानींची मध्ययुगीन युरोपीय शैली) चर्च. सुमारे 1,500 मीटर उंचीवरच्या ताउल या लहानशा गावाच्या कडेला ते उभे आहे. बोई खोऱ्यातील 9 रोमनेस्क चर्चचा समूह 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. त्यांत हे सर्वांत प्रसिद्ध. युरोपातील मध्ययुगीन भित्तिचित्रांत ज्याला तोड सापडणे कठीण, ते ख्रिस्ताचे चित्र याच चर्चच्या भिंतीवर काढले गेले. ते आज तिथे नाही.

चर्चची तारीख अचूक ठाऊक आहे, कारण ती खांबावरच रंगाने लिहिली होती. 10 डिसेंबर 1123 रोजी रोदा-बार्बास्त्रोचे बिशप रामोन यांनी वास्तूची प्रतिष्ठापना केली आणि वेदीत संत कर्नेलियसचे अवशेष ठेवले, असे त्या लॅटिन लेखात म्हटले आहे. दुसऱ्याच दिवशी त्याच बिशपांनी गावातल्या सांता मारिया चर्चचीही प्रतिष्ठापना केली. एवढ्याशा गावात दोन चर्च उभी राहिली त्यामागे एरिल या सरदार घराण्याचा पैसा होता. आरागॉनच्या राजाच्या मोहिमांत या घराण्याने भाग घेतला होता आणि त्या लुटीतला वाटा खोऱ्यात परतला.

वास्तू साधी आहे. मधले दालन आणि दोन बाजूंची दालने, त्यांना विभागणारे गोल जाड खांब, वर लाकडी छप्पर. पूर्वेला तिन्ही दालनांच्या टोकांशी तीन अर्धवर्तुळाकार वेदीकक्ष. रोमनेस्क म्हटले की दगडी कमानदार छत डोळ्यांसमोर येते. इथे मात्र वर लाकूडच आहे. बाहेरून वेदीकक्षांच्या भिंतींवर उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी छोट्या आंधळ्या (मागून बंद असलेल्या) कमानींची झालर दिसते. ही उत्तर इटलीतल्या लोंबार्दी प्रांतातल्या गवंड्यांची रीत, आणि अकराव्या शतकापासून ती पिरेनीजमध्ये रुळली होती. शेजारचा चौकोनी घंटामनोरा सहा मजल्यांचा आहे. प्रत्येक मजल्याला खिडक्या, त्यांच्या मध्ये बारीक दगडी खांब, आणि मजल्यांच्या सीमेवर दगडांचे करवतीसारखे दाते. बर्फाच्या प्रदेशातल्या या बसक्या चर्चला उंची दिली ती या मनोऱ्याने.

मुख्य वेदीकक्षाचा अर्धघुमट मात्र चित्रकाराच्या स्वाधीन केलेला होता. त्याचे नाव कुठेही नाही. अभ्यासक त्याला ‘ताउलचा मास्टर’ म्हणतात. मधोमध बदामाकृती प्रभावळीत ख्रिस्त कमानीवर बसलेला, पाय गोलार्धावर टेकलेले, उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला. डाव्या हातातल्या उघड्या ग्रंथावर लॅटिनमध्ये ‘मी जगाचा प्रकाश आहे’ असे शब्द, आणि खांद्यांच्या दोन्ही बाजूंना आल्फा आणि ओमेगा ही ग्रीक वर्णमालेतली पहिले आणि शेवटचे अक्षर. चेहरा जवळजवळ भूमितीने आखल्यासारखा समतोल, वस्त्राच्या चुण्या समांतर रेषांत. एवढ्या कडक आखणीतूनही ती नजर जिवंत राहते, हे या चित्रकाराचे सामर्थ्य. खास निळा रंग आहे एरिनाइटचा. हे खनिज पिरेनीजमध्ये मिळते.

भोवती चार सुवार्तिकांची, म्हणजे बायबलमधली ख्रिस्तचरित्रे लिहिणाऱ्यांची, चिन्हे आहेत. ती नीट पाहावीत. एका वर्तुळात देवदूताने मार्कच्या सिंहाचा मागचा पाय धरला आहे, तर दुसऱ्यात लूकच्या बैलाची शेपटी. पवित्र चिन्हे अशी हाताशी धरण्याचे धाडस आणि प्रेम या दोन्ही गोष्टी इथे एकाच रेषेत आहेत. खालच्या पट्टीत प्रेषितांसोबत (ख्रिस्ताच्या प्रमुख शिष्यांसोबत) ख्रिस्ताची आई मरीया उभी आहे आणि तिच्या झाकल्या हातावरच्या वाडग्यातून किरण निघत आहेत. समोरच्या कमानीवर ख्रिस्ताचे प्रतीक असलेला सात डोळ्यांचा कोकरा आहे, आणि श्रीमंताच्या दाराशी बसलेला, बायबलमधल्या कथेतला भिकारी लाजर: अंगभर फोड, आणि ते चाटणारे एक सडपातळ कुत्रे. माझ्या मते संपूर्ण चर्चमधली सर्वांत कोवळी रेषा त्या कुत्र्याच्या पाठीची आहे.

पुढे या वेदीकक्षात लाकडी वेदीपट (वेदीमागचा सजवलेला फलक) उभा राहिला आणि चित्राचा बराच भाग त्यामागे गेला. 1907 मध्ये कातालान अभ्यास संस्थेची मोहीम वास्तुविद पुच इ कादाफाल्क यांच्यासोबत या खोऱ्यात आली, तेव्हा या चित्रांचे मोल बाहेर कळले. ते व्यापाऱ्यांनाही कळले. जवळच्या प्रदेशातील सांता मारिया दे मुर चर्चच्या वेदीकक्षाची चित्रे विकली गेली आणि बॉस्टनच्या संग्रहालयात पोहोचली. त्या धक्क्यानंतर बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने 1919 ते 1923 या काळात खोऱ्यांमधली चित्रे स्वतःच उतरवली. इटालियन कारागीर चित्रावर सरस लावून कापड चिकटवत. सरस वाळताना आकसे आणि रंगाचा पातळ थर भिंतीपासून सुटून कापडासोबत येई. गुंडाळ्या करून खेचरांवरून त्या डोंगराखाली नेल्या. आज ताउलचे ख्रिस्ताचे चित्र बार्सिलोनाच्या मॉन्तजुइक टेकडीवरील कातालोनियाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात, मुद्दाम बांधलेल्या अर्धघुमटात लावलेले आहे.

याच सुमारास, 1920 ते 1922 मध्ये, निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांसाठी लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले होते. तिथे सुटू लागलेले पापुद्रे भिंतीवरच पुन्हा चिकटवले गेले. वर दिलेला लाखेचा थर मात्र पुढे काळवंडला. ताउलची चित्रे वाचली, पण ज्या भिंतीसाठी काढली होती तिला मुकली. विक्रीचा धोका खरा होता, म्हणून मंडळाला दोष देता येत नाही. तरीही वेदीसमोर उभ्या राहिलेल्या माणसासाठी काढलेले चित्र संग्रहालयाच्या दिव्याखाली बघताना काहीतरी तुटल्याचे जाणवते.

चर्चमध्ये बरीच वर्षे चित्राची प्रतिकृती होती. नंतर ती काढली, आणि भिंतीवर मागे राहिलेले मूळ रंगाचे तुकडे मोकळे झाले. 2013 पासून प्रक्षेपणाच्या साहाय्याने संपूर्ण चित्र पुन्हा त्याच वळणावर उमटवले जाते: आधी रेषा, मग रंग, मग ख्रिस्ताचे डोळे. काही मिनिटांनी प्रकाश विझतो आणि भिंतीवर तेवढे तुकडे उरतात.